सात ॲडमिन

पाटोदा, १० फेब्रुवारी २००४

प्रिय अमरनाथ,

समाजाची वधू-वर वेबसाइट करून दिलीस तेव्हाच तू बजावलं होतंस, ॲडमिन एकच ठेवा. बाकीच्यांना साधं युजर लॉगिन द्या, त्यांनी आपलं पान बघावं, बदल ॲडमिननंच करावा. तू पुण्याला गेलास आणि विश्वेश्वरअप्पा रुसले, म्हणाले, मी समाजाचा अध्यक्ष, आन् मला नुसता युजर म्हन्ता? अप्पांना ॲडमिन केलं, तर उपाध्यक्षांचं तोंड उतरलं, मग खजिनदारांचं. असे सगळ्यांचे मान राखता राखता सात ॲडमिन झाले. ज्यांची लग्नं व्हायची ती पोरंपोरी तेवढी युजर राहिली.

अप्पा माउसला शिवत नाहीत. मोटरसायकलची किल्ली द्यावी तसा त्यांनी पासवर्ड भाच्याला, धर्मराजला, देऊन टाकला. त्या बहाद्दरानं आमच्या शिवानीच्या नावापुढं ‘लग्न ठरले’ टाकलं आणि शेजारी स्वतःचं नाव. बोलणी नाहीत, बैठक नाही! मी पुसलं, त्यानं पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. तोही ॲडमिन, मीही ॲडमिन. यंत्र बिचारं दोघांचं ऐकतं. अप्पांकडं गेलो, तर म्हणाले, अख्ख्या समाजानं कॉम्प्युटरवर वाचलंय वैजिनाथ, आता काहून मागं सरता? त्यांनी मंगल कार्यालयही बघून ठेवलंय. स्टँडवर लोक माझं अभिनंदन करतात, आणि आलेली स्थळं परस्पर माघारी जातात.

शिवानी रोज आपलं पान उघडते, बघते, बंद करते. तिला तेवढाच अधिकार. परवा आईला म्हणाली, हळद लावायला आले तर भर मांडवात न्हाई म्हणंन. ती म्हणेल, आणि त्यानंतर तिला या गावात लोक जगू देणार नाहीत. तिची आई शांतादेवी तेव्हापासून धड जेवलेली नाही. इतकी वर्षं सगळ्या गावाला टोमणे मारत आलो, अमरनाथ. आज एक सुचत नाही.

नुसती वेबसाइटची तक्रार असती तर फोन केला असता. पण पुढचं फोनवर बोलायला बापाची जीभ रेटत नाही. संक्रांतीला येणार होतास, आला नाहीस. शिवानीच्या पत्रांना उत्तर नाही. ते पान तूही वाचलंस ना? अरे, तू स्वतः बांधलेली साइट, निदान तुझा तरी तिच्यावर विश्वास बसायला नको होता! तिचं लग्न ठरलेलं नाही. तिला तू हवा आहेस, हे तिनं मला तोंडावर सांगितलंय. तुझ्या मनात असेल तर ये, नसेल तर तिला तसं लिही. पण आधी आम्हा सातांचे अधिकार काढून घे, माझेसुद्धा. तिच्या नावापुढं काय लिहायचं, ते तिला लिहू दे.

तुझाच,
सध्या तरी नुसता काका,
वैजिनाथ