सो फार की सल्फा

सोम., ५ जाने. २००४

सरांनी आल्या आल्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छोटी गोल डबी. आत कानात घालायचे दोन काळे मणी, बारीक वायर आणि रबरी टोप्यांच्या तीन जोड्या: लहान, मध्यम, मोठी. सरांच्या भावाने परदेशातून आणलेत. स्टेजवर गाणारे लोक कानात घालतात म्हणे, स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. सरांचं म्हणणं, गाणाऱ्यांना चालतात तर आपल्याला का नाही. महिनाभर मी वापरायचे. आवाज कसा, कान दुखतो का, रोज दोन ओळी लिहून द्यायच्या. बरे निघाले तर बाराही टेबलांना घेणार.

मीच का, विचारलं. म्हणाले, तू तक्रार करत नाहीस, त्यामुळे केलीस तर खरी असेल.

इंग्रजीतल्या दोन ओळी सरांना. बाकीचं इथे.

मंगळ., ६ जाने.

सकाळ टोप्यांतच गेली. मध्यम टोपी उजव्या कानात बसली, डावीकडची सारखी निसटते. लहान लावली तर डावा बसला, उजवा सैल. शेवटी डावीकडे लहान, उजवीकडे मध्यम. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की माझे दोन कान सारखे नाहीत.

आणि मग शांतता. आमचं ऑफिस द्वारका चौकावर दुसऱ्या मजल्यावर. सात ते तीनच्या आमच्या पाळीत खालून ट्रक, एसट्या, रिक्षांचे हॉर्न. ते सगळं गेलं. उरले मी. माझं गिळणं, माझा श्वास. तसेच घालून पाणी प्यायला उठले तर प्रत्येक पाऊल डोक्यात धप् धप्. जरा घाबरले. अर्ध्या तासाने काढून ठेवले.

बुध., ७ जाने.

वायर कानाच्या मागून घ्यायची असते. ती कुडीत अडकते. कुड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि घरी जाताना घालायच्या विसरले. आईंच्या (सासूबाई) लगेच लक्षात आलं. "काय गं, कान मोकळे का?" सांगितलं. मग पुन्हा तोच प्रश्न, दिवसभर कानाला लावून ऐकते तरी काय. पुन्हा सांगितलं: अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की मशिनमध्ये बोलतात, ते आपल्याकडे येतं, आपण ऐकून टाइप करतो, की त्यांच्या फाइलला लागतं.

"त्यांच्याकडं लिहिणारं कुणी नाय?"

मी कुड्या शोधायला पर्स उघडली.

गुरु., ८ जाने.

आज वायर सरळ खाली सोडली, कुड्या कानातच. पण वायर ओढणीला घासली की कानात खरखर. सेफ्टी पिनने खांद्याशी अडकवली, बंद झाली. सरांच्या ओळीत लिहिलं, प्रत्येक जोडीबरोबर एक पिन द्यावी.

शनि., १० जाने.

आता मजा यायला लागलीय. जुने फोमचे हेडफोन म्हणजे भिंतीपलीकडून ऐकणं. यात माणूस समोर बसल्यासारखा. सारखं खोकणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत टोल्यांचं घड्याळ आहे. मॅडम डॉक्टर काहीतरी सोलून खातात, संत्रं बहुतेक. आणि घाईवाले डॉक्टर, माझे घा. डॉ., ज्यांचं निम्मं वाक्य घशातच राहतं, त्यांची खुर्ची करकरते. पान उलटण्याआधी बोट ओलं करतात. तीन वर्षं त्यांचं टाइप करतेय आणि खुर्चीचा पत्ता नव्हता.

कामाचा वेग थोडा कमी झालाय. मागचंच ऐकत बसते.

मंगळ., १३ जाने.

घा. डॉ. यांच्या फायलींत आज गुलाबबाई. खरं नाव लिहायचं नाही, नियम आहे. वय एकाहत्तर, एकट्या राहतात. घा. डॉ. दर वेळी सांगतात, बाई गुलाबांत काम करून आल्या, नखांत माती आहे. आमची फुलशेती, म्हणून मला ती बाई आधीपासून जवळची.

गुडघ्याचं दुखणं. मग नेहमीची ओळ: ॲलर्जी, नन, म्हणजे काही नाही. त्यासाठी माझी तीन अक्षरं ठरलेली, ती दाबली की पूर्ण वाक्य उमटतं. बोटं दाबायला गेलीही. पण 'नन'च्या मागे पान उलटल्याच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं.

पायाने पेडल दाबून मागे घेतलं. दहा-बारा वेळा ऐकलं.

'नन सो फार' असेल तर काही नाही, आजवर कसली ॲलर्जी नाही एवढंच. पण 'नन' म्हणून झाल्यावर आठवून 'सल्फा' म्हणाले असतील, तर बाईंना सल्फाची औषधं चालत नाहीत.

जुने हेडफोन लावून ऐकलं. फक्त कागद. बाईंचे आधीचे रिपोर्ट मीच टाइप केलेत, सगळ्यांत 'काही नाही'. त्यांचं रेकॉर्डिंग आता पुसलं गेलंय. तेव्हा तिथे काही होतं का, कुणास ठाऊक.

बुध., १४ जाने.

वैशालीताईंना दाखवलं. आमचं सगळं टाइप झालेलं त्या तपासतात, मग बाहेर जातं. त्यांच्या हेडफोनवर कागदच. हे मणी दिले, तर त्यांच्या कानात बसेनात. मोठी टोपी लावून हाताने दाबून धरले. ऐकलं आणि म्हणाल्या, सो फार, स्पष्ट आहे.

मी म्हटलं, जागा रिकामी सोडून प्रश्नचिन्ह टाकू या. जागा रिकामी सोडली की ती टाइप करणारीच्या नावावर चूक म्हणून लागते. फेब्रुवारीत दुसरी तपासनीस नेमणार आहेत आणि माझं नाव पुढे आहे, याची त्यांनीच आठवण करून दिली. वर म्हणाल्या, "तुझ्या कानात नवीन वस्तू आली म्हणून माझे सहा वर्षांचे कान खोटे का?"

रागावून नाही म्हणाल्या. दुखावून म्हणाल्या.

'सो फार' घालून रिपोर्ट गेला. मी पुढची फाइल उघडली.

गुरु., १५ जाने.

डोक्यातून जात नाही. संध्याकाळी आई ओट्यावर शेवंतीच्या माळा करत होत्या. त्यांना दोन शब्द शिकवले. फुलांची प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळत, माझ्याकडे पाठ करून, मनाला येईल तो शब्द म्हणायचा. मी ओळखायचा. त्यांनी 'सोफा'च धरलं. "सोफा आणि सल्फा. म्हण की नीट, कोणता आधी?" चार-पाच वेळा सांगून 'सोफार' जमलं. हे फूलबाजारातून उशिरा आले ते बघतच राहिले. त्यांना सांगितलं तर तेही पिशवी घेऊन बसले.

खूप वेळा केलं. पिशवी वाजली की मधला 'ल' बुडतो, तो गेलाच. पण शेवट बुडत नाही. 'फार'चा आ लांबतो, 'सल्फा'चा आखूड. हे लक्षात आल्यावर जवळजवळ सगळे बरोबर ओळखले.

आई म्हणाल्या, एवढं एका शब्दासाठी? मग मी गुलाबबाईंबद्दल सांगितलं. ऐकून घेतलं. "एकटीच ऱ्हाती व्हय ती?" एवढंच विचारलं.

शुक्र., १६ जाने.

जेवणाच्या सुट्टीत घा. डॉ. यांचं या आठवड्याचं सगळं ऐकलं. इतर पेशंटच्या वेळी 'सो फार' चारदा म्हणालेत. चारही वेळा लांब, आणि शेवटी र जिभेत गोल फिरवलेला. गुलाबबाईंच्या वेळचा आखूड. र ऐकू येत नाही. पण तिथेच पान संपतं आणि खुर्ची करकरते. र त्या करकरीत गेला असेल तर?

ऐकू यायला लागलं की आणखी ऐकावंसं वाटतं. किती वाजले कळलं नाही, डबा तसाच राहिला.

सोम., १९ जाने.

उजवा कान सुजला. आतून ठणकतोय, मणी टेकवतासुद्धा येत नाही. सरांच्या ओळीत खरं ते लिहिलं: सलग चार तासांच्या वर घालू नये, टोप्या रोज धुवाव्यात. मी धुतल्या नव्हत्या. दवाखान्यात जाऊन थेंब आणले. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर काही घालू नका.

एका डाव्या कानावर काम चाललंय.

गुरु., २२ जाने.

गुलाबबाई परत आल्या. लघवीला जळजळ, नमुना तपासायला पाठवलाय, रिपोर्ट आला की औषध सुरू करू, असं घा. डॉ. म्हणाले. असे रिपोर्ट मी शेकड्याने टाइप केलेत. घा. डॉ. यात बहुतेक वेळा जे औषध लिहितात ते सल्फाच्याच जातीचं. आणि लिहिताना बघणार ते मी टाइप केलेलं.

खुर्चीतून उठले ती थेट सरांकडे गेले. सगळं सांगितलं, घरच्या पिशवीसकट. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, गेलेल्या रिपोर्टबद्दल आता विचारायचं म्हणजे आपण चुकलो असं लिहून देणं. तिकडे दुसऱ्या कंपन्या टपून बसल्यात, करार जाऊ शकतो. बारा जणींचा प्रश्न आहे.

ते खोटं नव्हतं. मलाही माझ्या टेबलाशेजारच्या सगळ्या दिसत होत्या काचेतून.

मी म्हटलं, "सर, आपण चुकलो असं मी म्हणतच नाही. मला ऐकू आलं नाही, एवढंच म्हणतेय. ऐकू आलं नसताना आपण लिहिलं."

सरांनी रुमालाने मणी पुसले, स्वतःच्या कानात घातले, डोळे मिटून ऐकलं. तीनदा, चारदा. म्हणाले, "मला दोन्ही ऐकू येतंय. जे मनात धरीन ते."

वैशालीताईंना बोलावलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी या वेळी मोठी टोपी काढून लहान लावली. मणी आत बसला तशा दचकल्या, पहिल्या दिवशी मी दचकले होते तशाच. ऐकलं. आधीचे चार 'सो फार' मी लावून दिले, तेही ऐकले. 

मग सरांना म्हणाल्या, "मला आता सांगता येत नाही. त्या दिवशी सांगता येत होतं, ते चुकलं. डॉक्टरांना पत्र पाठवा, त्यात माझं नाव घाला, तपासलं मी होतं."

सरांनी माझ्यासमोर पत्र टाइप केलं. पाच ओळी: ॲलर्जीच्या जागचा शब्द नीट ऐकू आला नाही, सल्फा असू शकतो, डॉक्टरांनी खात्री करावी. कुणाचंही नाव घातलं नाही.

शनि., २४ जाने.

उत्तर नाही. तिकडच्या क्लार्कने फक्त 'मिळालं' कळवलंय.

वैशालीताई आज माझ्याबरोबर जेवल्या. कारल्याची भाजी दिली. ऐकू न आलेली जागा रिकामी सोडली तर यापुढे कुणाच्या नावावर लावायची नाही, असं त्यांनी सरांना सांगितलंय, हे मला शेजारच्या टेबलावरून कळलं. सर विचार करतो म्हणाले.

उजवा कान बरा आहे.

मंगळ., २७ जाने.

घा. डॉ. यांच्या फायली नेहमीसारख्या आल्या. पहिल्याच फायलीत पेशंटचं नाव नाही. मला वाटलं, अर्धवट रेकॉर्ड झालंय. मग ते बोलायला लागले, इतके सावकाश की आधी ओळखूच आले नाहीत. हे टाइप करायचं नाही, म्हणाले, हे टाइप करणाऱ्यासाठी आहे.

पत्र वाचलं. तेव्हा आपण काय म्हणालो ते आठवत नाही. हाताने लिहिलेला कागद काढून बघितला, तर स्वतःचंच अक्षर लागत नाही. बाई फोन उचलत नाहीत. तोवर त्यांच्या औषधांच्या दुकानात सल्फा सोडून दुसरं औषध कळवलंय. गुरुवारी त्या येणार आहेत, तेव्हा त्यांनाच विचारीन.

मग खुर्ची करकरली. आणि मग: "मी फार भराभर बोलतो, नाही का? थँक यू. तुम्ही जे कोणी असाल ते."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं आणि उत्तर द्यायला माझ्याकडे मशिन नाही. वैशालीताईंना बोलावलं, एक मणी त्यांच्या कानात, एक माझ्या. दोघींनी मिळून ऐकलं. सरांना नंतर.

सर म्हणाले, वस्तू घ्यायची की नाही ते सांग आता. मी म्हटलं, अजून नक्की सांगता येत नाही, महिना होऊ द्या.

तिथला गुरुवार संपेल तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सकाळ असेल. शुक्रवारी मी सातच्या आधी ऑफिसात जाणार आहे. यांना सांगून ठेवलंय, पहाटे मीही फूलबाजारात येते, तिथून परस्पर मला द्वारकेला सोडा.