पोळ्याच्या दिवशी बैल पाडायची परीक्षा

लामता,
८ सप्टेंबर १९६७

तीर्थस्वरूप मोतीलाल भाऊजींच्या सेवेशी, लामत्याहून तुमचा साळा तेजराम याचा दंडवत.

रंधा मारून मारून दुखणारा तुमचा खांदा आता कसा आहे? माह्या बहिणीच्या, गोदाबाईच्या, गुडघ्याले आराम पडला का? (मी पाठवलेलं मलम बैलाचं होतं, हे तिले सांगू नका.) इकडं आमी सारे मजेत आहो. इतके मजेत, का मले चार दिवसांपासून हसू आवरून नाही राह्यलं.

तुमाले ठाऊकच आहे, नऊ वर्षं झाली मले या ढोरांच्या दवाखान्यात, पण कागदोपत्री माहं काम जनावर धरायचं नि जखम धुवायचं. सुई लावायची त परीक्षा पास झाल्याचा दाखला लागते. दोनदा मी नापास झालो. (एकदा सायबानं विचारलं, गाईले पोटं किती? मी म्हटलं, सायब, आमच्या गाईले एकच आहे नि तेही भरत नाही.) यंदा आखाडात गावात घटसर्प आला. डॉक्टर बालाघाटले, मधात नदीले पूर, बैलाईचे गळे सुजून राह्यलते नि लोक दारात उभे. मग मी काय नियमाचं पुस्तक उघडून बसू? चाळीस बैल टोचले, चाळीसही वाचले. इथवर ठीक होतं. पण मले लिहायची भारी हौस! रजिस्टरात लाल शाईनं, मोठ्या अक्षरात सारी हकीकत लिहून खाली सही ठोकली. तपासणीत नेमकं तेच पान उघडलं. (बाकीची पानं अशी गिचमिड आहेत का मलेही वाचता येत नाहीत.) लगेच चिठ्ठी आली, दाखला नसताना सुई काहून लावली याचा जबाब द्या, नि शेवटची परीक्षा द्या. नापास झालो त नोकरी गेली. तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

अन् परीक्षेची तारीख कोणती, त पोळ्याची! परीक्षा घेणारे सायब सागरकडचे, त्याईच्या सुट्टीच्या यादीत पोळाच नाही. नियम असा, का उमेदवारानं बैलाचं वय सांगावं, दोर टाकून त्याले पाडावं नि मानेले सुई लावावी. आदल्या सांजेले खांदे शेकून पूजेचं आवतण दिलेला बैल सणाच्या दिवशी पाडाले कोण देईन, तुमीच सांगा. मी दारोदार फिरलो. ज्याईचे बैल वाचवले त्याईनंच मले हाकललं. रुख्माबाई त म्हणाली, "तेजराम, नोकरी गेली त माह्या घरी जेव, पण आज माह्या बैलाले दोर दाखवू नको." मी सायबाले म्हटलं, बैल नाही त म्हशीचा हेला चालन का? ते म्हणाले, पुस्तकात बैल लिहिला आहे. मी म्हटलं, जिता लिहिला आहे का? त्याईनं चष्मा लावून ते पान तीनदा वाचलं. नव्हतं लिहिलं!

मग काय, तान्ह्या पोळ्यात पोराईसंगं मिरवाले तुमी आमच्या लीलाले करून दिलेला सागवानी नंदी मी दवाखान्याच्या ओसरीवर आणून उभा केला. सायबानं वय विचारलं. दात पाहायची गरजच नव्हती, लीला जन्मली त्या साली तुमी तो घडवला. सात वर्षं, मी म्हटलं. बरोबर! मग पुस्तकात आहे तसा दोर बांधला नि ओढला. पण बैल खाली बसाच्या ऐवजी चाकांवर पळाला नि सायबाच्या नडगीवर आदळला. बैल उभा राह्यला, सायब बसले. सुई सागवानात मोडली. तरी मी सवयीनं त्याच्या मानेवरून हात फिरवला नि म्हटलं, "झालं रे राजा, झालं." गर्दीत कोणी हसलं नाही. रुख्माबाई पूजेची थाळी घेऊन पुढं आली नि सायबाले म्हणाली, "हे लाकूड काय पाह्यता? तोरणाखाली चला." सायब नडगी चोळत गेले. तिथं शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले ते चाळीसही बैल उभे होते. सायबानं एकेक मोजला. भाऊजी, मले रडू आलं, खोटं काहून सांगू! कागदावर सायबानं लिहिलं, "हाथ ठीक है। लाल स्याही बंद।" चौकशीची फाईल तिथंच बांधली नि रुख्माबाईच्या घरी बसून चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

तुमचा आज्ञाधारक,
तेजराम (आता दाखलेवाला)

ता. क. : सुईचं टोक नंदीच्या मानेतच आहे. लीला म्हणते, त्याले ताप आला. तिनं त्याले गोधडीत निजवलं आहे.

दुसरा ता. क. : दाखला खरं म्हणजे अर्धाच आहे. सुई पास, विताना अडलेली गाय सोडवायची बाकी. त्याची तारीख काल आली, ती दिवाळीतल्या गायगोधनाची, गाईच्या पूजेच्या दिवसाची! त्या दिवशी गावात गाय भेटणार नाही, हे तुमाले काय सांगू. तेवढी एक सागवानी गाय करून पाठवा, पोटात वासरू असलेली. वासराचा एक पाय आडवा पाहिजे, असा नियम आहे. पण भाऊजी, आतून रंधा जरा जास्त फिरवा. ओढलं का निघालं पाहिजे.