प्रतीक्षालय सुटलं त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्याचा, दोन्ही पाय जमिनीत रोवून केलेला नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण टेबलाला लागून खिडकी आहे, मजला चौदावा आहे आणि खिडकीला गज नाहीत. वाकणं घरी आल्यावर.) तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. ती बिघडते तेव्हा भावोजींचा आवाज बारीक होतो, आणि परवा फोनवर तो चांगला खणखणीत होता, त्यावरून मी ताडलं. भावोजींनाही नमस्कार सांग. माझं विचारशील तर आहे. एवढंच म्हणतो, कारण ‘बरा आहे’ म्हटलं की काहीतरी होतं, असा गेल्या आठ दिवसांचा अनुभव आहे.

ठकीनं मला इथं बोलावलं ते तुला ठाऊकच आहे. (चौतीस वर्षांची झाली, इंजिनीअर आहे, हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणतात, पण आपल्या दोघांपुरती ती ठकीच.) दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली, ही गेल्याला चार. आता कुणाची घड्याळं अडलेली नाहीत, तेव्हा बाबा, महिनाभर या, आमचं शहर बघा, असं ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज मला जरा ओढलेला वाटला होता, पण मी मनात म्हटलं, लाइन खराब असेल. माणसाला जे ऐकायचं नसतं ते नेहमी खराब लाइनवरच येतं.

शहर देखणं आहे, हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढं बोलायला मोकळा. पूर्वी म्हणे इथं नाकाला रुमाल लावल्याशिवाय कुणी फिरकत नसे. बंद पडलेली गोदी, पाण्यावर काळं तेल, गंजके पत्रे आणि मांजरांना पळवून लावणारे उंदीर. मग वीस वर्षं खपून त्यांनी सगळं पालटलं. गोदामांची वाचनालयं केली, उपाहारगृहं केली, माल उचलायच्या क्रेनना पिवळा रंग फासून त्या शोभेला उभ्या ठेवल्या, आणि पाण्याच्या अगदी कडेकडेनं तीन मैल फरसबंद रस्ता काढला. सकाळसंध्याकाळ सगळं गाव त्यावर लोटतं. हवा उबट, दमट, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तरी सगळ्यांचे चेहरे सुट्टी लागल्यासारखे. एकच गोष्ट करायची राहून गेली. कठडा. तीन मैलांत कुठंही नाही. फरशी संपते आणि पाणी सुरू होतं, मधे बोटभर काही नाही. पहिल्याच दिवशी मी तिथल्या पहारेकऱ्याला गाठून नम्रपणे विचारलं. तो म्हणाला, कठडा घातला तर लोकांना समुद्र दिसणार नाही. मी म्हटलं, मला तो दिसतोय हो, काळजी आहे ती त्याला मी दिसतोय याची. त्यानं मला पाणी प्यायला दिलं. तेही मी बसून प्यालो.

माझ्या भीतीचा तुला इतिहास सांगायला नको. पाच वर्षांचा असताना मी हौदात पडलो आणि तू मला केसांना धरून वर काढलंस, तेव्हापासून बादलीभर पाण्याशीही मी अंतर राखून वागतो. (त्या बाजूचे केस नंतर कधी नीट आले नाहीत, पण मी त्याबद्दल आजवर शब्द काढलेला नाही आणि आताही काढत नाही.) ठकीला मात्र यातलं काही लागलं नाही, असं मी समजत होतो. कारण तिचं कामच धक्क्याची भिंत तपासायचं. समुद्राला अडवणारी जी जुनी दगडी भिंत आहे तिला कुठं चीर गेली का, गेली असेल तर ती वाढते का, हे ती मोजते. मी विचारलं, आहेत का चिरा? म्हणाली, आहेत, पण सगळ्या माहितीतल्या आहेत. त्यानंतर मी त्या भिंतीवरून चालताना पाय हलके टाकतो. माहितीतल्या माणसांनी काय काय केलं ते आपण पाहिलंय, चिरांचं काय घेऊन बसलीस.

आता मंगळवारची हकिकत. ठकी ऑफिसला गेली होती. घरात काचेच्या भिंतीपाशी बसण्यापेक्षा वाचनालयात बसावं म्हणून मी दुपारी निघालो. वाचनालय उत्तम, फक्त मधोमध जमिनीला काच बसवली आहे, खालचं पाणी दिसावं म्हणून. (दिसावं अशी मागणी कुणी केली होती?) पोरं त्या काचेवर उड्या मारत होती. ते पाहून मी भिंतीला पाठ लावून, कपाटं चाचपत बाहेर आलो. उन्हानं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. समोरच एक पांढरीशुभ्र खोली दिसली. छप्पर, पंखे, लाकडी बाकं, चारदोन माणसं गप्प बसलेली. प्रतीक्षालय आहे हे कुणीही सांगितलं असतं. मी आत जाऊन पंख्याखाली बसलो. दाराशी निळ्या गणवेशातली एक भरभक्कम बाई जाडजूड दोर सोडवत होती. इथं जुन्या वस्तू शोभेला ठेवायची पद्धतच आहे, तेव्हा दोराचंही मला काही वाटलं नाही.

मग समोरचं वाचनालय हळूच डावीकडं सरकलं.

ताई, त्या क्षणी मला आधी काय वाटलं असेल, तर आपला काळ आला. थोरल्या काकांना असंच झालं होतं, आधी भिंती फिरल्या आणि मग ते गेले. मी शेजारच्या गृहस्थांचा हात धरला आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की मला भोवळ येतेय, इमारती हलताहेत, माझ्या खिशात मुलीचा नंबर आहे. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “इमारती नाही हलत. बोट सुटली.”

पुढची अकरा मिनिटं मी वर्णन करत नाही. अकरा होती एवढं नक्की, कारण मी सगळा वेळ मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडं बघत होतो आणि ते घड्याळ मी स्वतः लावलेलं आहे. मधे एकदा दुसरी बोट बाजूनं गेली तेव्हा आमची बोट उजवीकडं कलली. तेव्हा मी त्या गृहस्थांच्या गळ्यात पडलो, ते मात्र लिहितो, कारण ते कधी भेटले तर सांगतीलच. सज्जन होते. पेपर घडी करून ठेवला आणि उतरेपर्यंत माझी पाठ थोपटत राहिले.

पलीकडं जमीन होती, पण कसली? समुद्रात काढलेला एक लांबलचक पट्टा. चारी बाजूंनी पाणी, मधे एक जुनी जकातीची इमारत, तिला नवा रंग चाललेला. परतीचा रस्ता विचारला तर सगळ्यांनी बोटीकडंच बोट दाखवलं. मी ठरवलं, पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आयुष्य इथं काढायचं ठरलं तरी हरकत नाही. तीन बोटी आल्या, गेल्या. दर खेपेला ती दोरवाली बाई माझ्याकडं बघायची, मी इमारतीची रंगरंगोटी बघत असल्याचं दाखवायचो. चौथ्या खेपेला ती उतरून सरळ माझ्यापाशी आली. तिला मी खरं ते सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, रोज एक तरी असतो. मग पुढच्या खेपेला अवकाश होता म्हणून धक्क्यावरच्या तिच्या टपरीत घेऊन गेली, स्टुलावर बसवलं. तिथं भिंतीवर एक घड्याळ बंद पडलेलं होतं. मी ते उतरवून उघडलं. (तारेचा तुकडा आणि तिच्या नखं कापायच्या हत्यारातली छोटी कानस, एवढ्यावर काम भागलं.) ताई, बोटीत माझे हात गवतासारखे थरथरत होते, ते त्या चक्रांवर टेकले आणि गपगार झाले. अर्धा तास मला समुद्राची आठवण नव्हती.

बाई तेवढ्या वेळात बोलत होती. म्हणाली, येत्या सोमवारपासून गर्दी वाढणार, ही इमारत तयार झाली, भिंती तपासणारं ते ऑफिस सगळं इकडं हलतंय. मी म्हटलं, माझी मुलगी त्याच ऑफिसात आहे. तर म्हणाली, मग रोज भेटेल की. दोन्ही वेळा माझ्याच बोटीनं.

ठकीनं मला यातलं चकार शब्दानं सांगितलेलं नव्हतं.

मी तिला फोन लावला. म्हटलं, बाळ, मी पलीकडच्या काठावर अडकलोय, घाबरू नकोस, पण मला न्यायला ये. ती बारीक आवाजात म्हणाली, “येते.”

ती आली त्या बोटीकडं मी डोळ्यांवर हात धरून बघत होतो. माणसं उतरली. ठकी शेवटी. मधल्या, ताज्या पिवळ्या रंगाच्या खांबाला तिनं दोन्ही हातांनी मिठी मारलेली, डोळे गच्च मिटलेले, चेहरा चुन्यासारखा. दोरवाल्या बाईनं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला लहान मुलासारखी धक्क्यावर आणली. ठकी तिथंच फरशीवर बसली. मी जाऊन शेजारी बसलो. दोघांनीही समुद्राकडं पाठ केली. चार वर्षं या शहरात आहे आणि आजपर्यंत ती बोटीत बसलेली नव्हती. भिंत मला चालते, म्हणाली, भिंत हलत नाही. पाणी नाही चालत.

मग म्हणाली, “बाबा, मी नोकरी सोडणार होते. तुम्हाला शहर बघायला नाही बोलावलं. तुम्ही ‘सोड’ म्हणाल म्हणून बोलावलं.”

ताई, तुला खोटं सांगत नाही, तो शब्द माझ्या ओठांवर आलेला होता. सबंध जगात हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तिला मिळाला नसता. मी काय काय सोडलं त्याची यादी तुझ्याकडं आहे. पाण्यापलीकडचं गाव आहे म्हणून एक चांगलं स्थळसुद्धा सोडलं होतं. पण तिच्या हाताकडं बघितलं. खांब धरून धरून तळव्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा उमटला होता. इतकी भ्याली होती, आणि मी नुसतं ये म्हटल्यावर आली होती. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, पहिला महिना मी येतो रोज तुझ्याबरोबर, जाताना आणि येताना. हे कुणी बोललं म्हणून मी मागं वळूनही पाहिलं.

परत येताना बाईनं आम्हाला मधल्या बाकावर बसवलं आणि दम भरला की पाण्याकडं बघायचं नाही, पिवळ्या क्रेनच्या टोकाकडं बघायचं. ठकी कापऱ्या आवाजात मला सांगत होती की ही बोट किती माणसांचं वजन पेलते, तळ किती रुंद आहे आणि ती उलटायला काय काय व्हावं लागेल. (ते शेवटचं सांगायला नको होतं.) मी हूं हूं करत होतो. तिनं माझा हात धरला होता की मी तिचा, ते सांगता येणार नाही, पण घरी आल्यावर दोघांच्याही बोटांवर वळ होते. रात्री जेवणं झाल्यावर तिनं राजीनाम्याचा कागद फाडला आणि मला दाखवला. मी मान डोलावली.

असो. पत्र लांबलं. भावोजींनी औषधं वेळेवर घ्यावीत.

तुझा भित्रा, पण आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. या पत्राचं खरं कारण वर लिहायला धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितो. सोमवार चार दिवसांवर आला आहे. तू रविवारी सकाळी ठकीला फोन कर आणि सांग की गुडघा धरलाय, उठवत नाही, धाकट्याला ताबडतोब पाठव. जरा कण्हलीस तर उत्तम. आयुष्यात मी तुझ्याकडं फार काही मागितलेलं नाही. एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

ता. क. २. आज सोमवार. पत्र टाकायचं राहिलं, कारण टपालपेटी धक्क्याच्या अगदी काठाला आहे. सकाळी मी पोट दुखतंय म्हणून पांघरुणात राहिलो. ठकीनं माझ्या उशाशी पाणी ठेवलं, बूट घातले आणि एकटी गेली. मी उठून खिडकीशी उभा राहिलो. वरून ती बोट साबणाच्या वडीएवढी दिसत होती. अकरा मिनिटं मी काचेला नाक लावून उभा होतो, आणि ताई, त्या दिवशी बोटीत बसून मी भ्यालो होतो ते काहीच नव्हतं. पोचल्यावर तिचा फोन आला. म्हणाली, एक डोळा उघडा ठेवला होता. उद्यापासून मीही तिच्याबरोबर जाणार. वर लिहिलेला तो फोन तू करू नकोस.

ता. क. ३. गुडघा खरंच दुखत असेल तर मात्र कळव. महिनाभर येता येणार नाही, पण वाईट नक्की वाटेल.