जखमी साथीदार

चौकी, ५ जानेवारी

ती. गुणाआत्यास,
दीपेशचा शि. सा. न.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितोय. मला शौर्यपदक जाहीर झालंय. मितेशला नाही. गोळे पडले तेव्हा ढासळलेल्या खंदकातून त्यानं मला ओढून काढलं आणि पुढच्याच गोळ्यात तो सापडला. त्याला खांद्यावर घेऊन मी डोंगर उतरलो. मला उतरताना साहेबांनी पाहिलं. त्यानं केलेलं पाहणारा मी एकटाच. नियम असा, की पाहणारा अधिकारी लागतो. मी लेखी दिलं होतं, पण एकट्याची साक्ष, तीही मामेभावाची, पुरली नाही.

पदक घेऊ नये असं वाटतं. तू सांगशील तसं करीन. रूपाची बारावी जवळ आली, तिचा मोबाइल काढून घे.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझा,
दीपेश

पडघा, २८ जानेवारी

चि. दीपेश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. बघायला साहेब नव्हता म्हणून माझं पोर कशातच नाही, हा कुठला न्याय? तुझ्यावरही रागावले. रूपा म्हणाली, दादानं लेखी दिलं, आणखी काय करील तो?

परवा गावानं तुझ्या आईबापाचा सत्कार केला. माझं दुःखाचं वर्ष, म्हणून ओवाळायला पुढे गेले नाही, मंडपात मागे बसले. बाळाराम सरपंचानं तुझ्या पदकाचा सरकारी मजकूर माइकवर वाचला. 'जखमी साथीदाराला खांद्यावर घेऊन' तू उतरलास, असं त्यात होतं. मला तर कळवलं होतं, मितेश जागेवरच गेला. म्हणजे तो वाटेत जिवंत होता, दीपेश. माझा राग तिथंच गेला.

पदक खुशाल घे. फक्त तो वाटेत काय बोलला, तेवढं लिही. पाणी मागितलं का? बहिणीची, रूपाची आठवण काढली का? माझी नसेल काढली तरी चालेल.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

चौकी, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. त्यानं तुझं नाव घेतलं, एवढं लिहिलं असतं तरी तुला झोप लागली असती. ते वाक्य मी लिहूनही पाहिलं आणि फाडलं.

आत्या, तो जागेवरच गेला होता. तुला कळवलं तेच खरं. मेलेल्याला खाली आणलं म्हणून पदक मिळत नाही, जिवंताला वाचवायला धडपडलं तर मिळतं. म्हणून कुणीतरी चांगल्या मनानंच 'जखमी' लिहिलं असेल. तो मजकूर मला तुझ्या पत्रातून कळला. आज साहेबांना लेखी दिलंय, तो शब्द काढा. पदक जाईल, जाऊ दे.

तो काही बोलला नाही. वाटभर मीच बोलत होतो. पडघा आलं, उतरायचंय, आत्यानं तांदळाच्या भाकऱ्या टाकल्यात, असं काहीबाही. तो गेलाय हे मला माहीत होतं, तरी थांबवेना.

रागाव, पण मला लिहायचं सोडू नको.
तुझा,
दीपेश