पुढच्या ओळीतली जागा

१२ एप्रिल
जागा मिळाली. एकदम पुढची ओळ, कड्याच्या खाली समुद्र. आता ऑक्टोबर संपेपर्यंत इथून हलायचं नाही. ब्रायनी म्हणते, तू आजवर कुठे टिकलास? बहीण असून आईसारखी बोलते. या खेपेला दाखवून देणार.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बाबांची. ते गेल्यावर आम्हा दोघांची झाली, पण ब्रायनीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मीच मागितली. गाडीला जोडून देताना ती म्हणाली, "कीरन, एवढी एक वस्तू तरी धड परत आण." बाकी उपदेश नेहमीचा.

ओळीचं नाव एफ. मागे जी, एच वगैरे. सुरुवातच एफपासून. एफ म्हणजे फ्रंट, हे उघड आहे. ज्याने नावं ठेवली तो कल्पक असणार.

१३ एप्रिल
साईट सांभाळणारी नोरीन येऊन नियम सांगून गेली. पुढच्या ओळीत फक्त चाकांवरच्या गाड्या, चाकं काढायची नाहीत, वेळ आली की ट्रॅक्टरने लगेच मागे ओढता आली पाहिजे. कसली वेळ ते विचारायचं राहिलं. किनाऱ्यावर एक सील प्राणी दिसला, त्याच्या मागे गेलो. सील नव्हता, टायर होता.

२१ एप्रिल
चाकं काढली. विचारपूर्वक. खाली चाकं असली की माणसाच्या डोक्यात सारखं जाण्याचंच येतं. मला मुळं धरायची आहेत. कॅरव्हॅन विटांवर ठेवली, भोवती फळ्या ठोकल्या. बाहेरून काही कळत नाही.

चाकं स्टब्जला दिली. उतारावर मासेमारीचं आमिष विकतो तो. बदल्यात पॅडलबोर्ड घेतला, उभं राहून वल्हवायची फळी. उद्यापासून रोज सकाळी समुद्रात.

२२ एप्रिल
पॅडलबोर्ड फुटका आहे.

९ मे
खाली किनाऱ्यावर गेलो होतो. कड्याच्या मातीतून, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, एक नळ बाहेर आलेला आहे. पाईप, तोटी, सगळं. पोहून आल्यावर पाय धुवायला सोय केली असेल. जरा उंचावर बसवलाय. इंग्लंडमध्ये प्लंबर असेच.

परत येऊन मागच्या ओळीतल्या गार्बटला सांगितलं. म्हातारा आणि त्याची बायको एनिड इथे वर्षानुवर्षं येतात. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि त्या नळातून आपण किटली भरायचो असं म्हणाला. विसराळू झालाय. शिडी लावून कोण किटली भरेल?

२ जून
कड्याच्या अलीकडे नोरीनने खांब ठोकून दोरी बांधलेली आहे. आज तिने ते खांब उपटले आणि माझ्या दाराच्या दिशेला सरकवून पुन्हा ठोकले. गेल्या महिन्यातही हेच केलं होतं. दर वेळी माझं अंगण कमी होतं. तक्रार करायची ठरवलंय. तिच्या कुत्र्याशी खेळताना विषय निघाला नाही.

१९ जून
रात्रभर पावसाची भुरभुर. सकाळी कड्याचा मोठा लचका खाली पडलेला. त्या चिखलात शंखासारखे वळ्या वळ्यांचे दगड सापडले. फार जुने म्हणे, माणसाच्या आधीचे. डोक्यात एकदम प्रकाश. दगड गोळा करायचे, घासायचे, सहलीला आलेल्यांना विकायचे. माल आपोआप पडतो, आपण नुसता उचलायचा. कडा माझ्यासाठी काम करतोय.

जुलै, बहुतेक ७
दगड सिंकखाली ठेवलेत. घासायचा ब्रश आणायचाय. मधल्या काळात एनिडकडून अकॉर्डियन शिकतो आहे. ती म्हणाली, बोटं बरी आहेत, मन नाही.

३० जुलै
जमिनीला भेग. कॅरव्हॅनच्या दारापुढे सावलीला लावलेल्या तंबूच्या पुढच्या खुंटीपासून सुरू होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेपर्यंत जाते. उन्हाने पडली असेल. ऊन फारसं पडलेलं नाही हे खरं.

भेगेत काठी घातली. खाली कुठेच टेकली नाही. मग काठी सुटली. चांगली काठी होती.

११ ऑगस्ट
गार्बट मंडळी मागे गेली. पार जे ओळीत, कपडे धुवायच्या खोलीशेजारी, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. मी सामान उचलू लागलो. म्हटलं, एनिडबाईशी भांडण झालं का? त्याने माझ्याकडे पाहिलं. शुद्धीवर आहे का ते पाहतात, तसं.

"पोरा, एफच्या आधी काय असतं?"

म्हटलं ई.

"आणि त्याआधी?"

म्हटलं डी. त्याने समुद्राकडे बोट केलं. "आमचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही बीमध्ये होतो. ए तेव्हाच गेलेली. तो तुझा नळ आमचा, ईचा. चाकं आहेत तोवर ऊठ इथून."

मी हो म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून.

त्याच दिवशी, दुपार
शांतपणे विचार केला. समजा, म्हातारा म्हणतो ते खरं. पाच ओळी खाल्ल्या समुद्राने. पाच ओळी खाऊन कोणाचंही पोट भरतं. आता बरीच वर्षं पाहायला नको.

५ सप्टेंबर
नोरीन सगळ्यांना विचारत फिरते आहे. पुढच्या सीझनला जागा ठेवणार की सोडणार? महिनाअखेर कळवायचं. मला मात्र तिने तसं विचारलंच नाही. जे ओळीत ये, गार्बटच्या शेजारी, उद्याच ओढून देते म्हणाली. पुढून मागे? माणसाला थोडा मान असतो. म्हटलं, निर्णय विचार करून घेईन.

ब्रायनीचाही फोन. पुढच्या उन्हाळ्यात तिला घरच्या सगळ्यांना घेऊन बाबांच्या कॅरव्हॅनमधून लेक डिस्ट्रिक्टला जायचंय. गाडी ठीक आहे ना? म्हटलं, हलली नाही जागची.

१४ सप्टेंबर
कॅरव्हॅनचं दार लागत नाही. लागलं तर उघडत नाही. टेबलावर ठेवलेला कप आपोआप समुद्राच्या बाजूला सरकतो. पुढून दोन विटा वाढवल्या. आता कप हळू सरकतो.

२७ सप्टेंबर
जागा ठेवायचीच. पक्कं. उद्या नोरीनला सांगणार.

२८ सप्टेंबर
खालून आवाज येतात. कोणी जड पोतं टाकावं तसे, अंतराने. मोजू नये असं वाटलं. जागा सोडावी का? पण सोडली तर ब्रायनी म्हणणार, बघ, टिकला नाही. नोरीन भेटली. हवामानावर बोललो.

८ ऑक्टोबर, सकाळ
वादळ झालं. दार लाथ मारून उघडावं लागलं. बाहेर आलो तर दोरी दिसेना. मग दिसली. कॅरव्हॅनच्या मागे.

म्हणजे आता मी दोरीच्या पलीकडे. खासगी जागा. या ओळीत दुसरं कुणी उरलेलंच नाही.

त्याच दिवशी, अकरानंतर
नोरीन ट्रॅक्टर घेऊन आली. मी फळ्या काढू नको म्हणालो, तिने काढल्या. आत विटा. ती ओरडली नाही, तेच वाईट. हळू विचारलं, चाकं कुठायत. मी पॅडलबोर्डची गोष्ट सुरू केली. तिने हात वर केला.

"संध्याकाळच्या आत चाकं घेऊन ये. तोवर आत पाऊल टाकायचं नाहीस. काही राहिलं असेल तर राहू दे."

चाकांशिवाय ओढता येणार नाही का, असं विचारलं. ओढायला गेलं तर विटांवरून घसरेल, म्हणाली. आणि कुठल्या बाजूला घसरेल ते मलाच विचारलं.

वही खिशात होती, बरं झालं. निघालो. अर्ध्या तासाचं काम.

९ ऑक्टोबर
चाकं स्टब्जच्या ट्रेलरला लावलेली होती. ट्रेलरवर त्याच्या भावाची होडी, आणि भाऊ होडीसकट उतारावर इंजिनपाशी अडलेला. मी जरा हात लावला. इंजिनात मला समजतं. सगळं सुटं करून झाल्यावर कळलं की पेट्रोल नव्हतं. तोवर अंधार. त्यांनी खेकडे उकडले, झोपायला कोच दिला. नको कसं म्हणणार?

आज दुपारी दोन्ही चाकं ढकलत साईटवर आलो. फाटकाशी गार्बट उभा होता. मला पाहून फाटकाला धरून बसला. एनिड रडत होती. कुणी मला साईटवर शोधत होतं, कुणी खाली किनाऱ्यावर. मी म्हटलं, चाकं आणलीत.

मग पुढे जाऊन पाहिलं. दोरीच्या पलीकडे गवत होतं थोडं. मग नव्हतं.

१० ऑक्टोबर
ब्रायनी आली. कड्यावरून खाली पाहत राहिली. पांढऱ्या पत्र्याचा एक तुकडा लाटेत पुढे मागे होत होता. त्यावर बाबांनी लावलेली हिरवी पट्टी. मला वाटलं, आता बोलेल. उलट तिने माझी बाही धरली आणि गाडीपर्यंत सोडली नाही. गाडीत म्हणाली, "आत झोपला असतास तू." मी म्हटलं, म्हणजे एका अर्थी इंजिनाचं काम उपयोगीच पडलं. तिने रेडिओ लावला.

३ नोव्हेंबर
ब्रायनीकडेच आहे, इस्त्रीच्या टेबलाशेजारी गादी. अंगणातली ताडपत्री तिने घडी करून ठेवली. ती आताशा मला काही आणायला सांगत नाही. दूधसुद्धा स्वतः आणते.

बराच विचार केला. घाईने घेतलेले निर्णय चुकतात, हे या वर्षी शिकलो. दोन्ही बाजू तोलल्या. वारा जास्त, नळ उंचावर, शेजार राहिला नाही. शेवटी ठरवलं, आणि या खेपेला टाळाटाळ न करता नोरीनला फोन केला. म्हटलं, नीट विचार केला, पुढच्या सीझनला मी जागा ठेवत नाही, तू दुसऱ्या कुणाला खुशाल दे.

तिने विचारलं,

"कुठली जागा, राजा?"