फुल-फॉरवर्डची जागा

जुबैल,
१ सप्टेंबर २०२५

चि. अनुराग यास वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ईमेलमध्ये कसले आशीर्वाद, म्हणून तू मागे मला चिडवलं होतंस. पण मामंजींनी घालून दिलेली सुरुवात माझ्याच्याने सोडवत नाही. आणि फोन करत नाही, कारण या दोन खोल्यांत तुझा दादा कुठेही असला तरी कान माझ्याकडेच असतात.

बातमी वाईट आहे. यांची जागा आता इथल्याच अरब माणसाला द्यायची असं कंपनीचं ठरलं. ऑक्टोबरअखेर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. एकवीस वर्षं टाक्या आणि पाइप तपासले, आता खलास. कागद घेऊन घरी आले, मला वाचून दाखवला आणि चहा मागितला. चिडले नाहीत, काही नाही. मला ते बघवत नाही रे. नाशिकला घर आहे, मुग्धाचं कन्यादान होऊन गेलंय, आपलं कसंही भागेल. पण आपण कुणालाच नकोसे झालोय असं या माणसाच्या डोक्यात बसलंय, ते कसं काढू? सकाळी बूट घालून बसतात आणि कंपनीची बस खाली येऊन हॉर्न वाजवते तरी उठत नाहीत.

दुसरी बातमी ऐकून हसू नकोस. २६ तारखेला, शुक्रवारी, आपल्या फ्लेमिंगो संघाचा बहारीनवाल्यांशी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सराव सामना आहे. मोसम सुरू व्हायच्या आधीचा, नेहमीचाच. त्यात हे फुल-फॉरवर्ड खेळायचं म्हणतात. चोपन्नाव्या वर्षी! गेल्या मोसमात तर नुसते पाण्याच्या बाटल्या भरत होते. पण खरं सांगू, महिनाभरात यांच्या तोंडून आपण होऊन निघालेलं एवढं एकच वाक्य. तू या संघात इतकी वर्षं खेळलास. ऑस्ट्रेलियन लोकांना नऊ माणसं मिळत नव्हती तेव्हा संघ कुणी उभा केला, त्या गुलाबी जर्सी अंधेरीहून कुणी शिवून आणल्या, हे तुला सांगायला नको. फॉरवर्ड लाइनमध्ये त्यांना जागा आहे का, ते खरं खरं कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची आठवण ठेव.

तुझी वहिनी,
शीला


ताइफ,
४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस, अनुरागचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर हॉटेलातल्या कामात लक्ष लागलं नाही. दादाला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला.

खरं विचारलंस म्हणून खरं सांगतो. जागा नाही. गेल्या मोसमातले सगळे व्हिडिओ मी इथे एकटा बसून पाहिले आहेत. या डोंगरावर गुलाब बघायला येणाऱ्यांना या खेळाचं नावही माहीत नाही, तेव्हा माझ्याइतका निष्ठावान आणि दुर्दैवी चाहता तुला मिळायचा नाही. आपण एकही सामना जिंकलो नाही. पण जे काही गोल झाले ते फॉरवर्ड लाइनच्या तिघांनी केले. ब्रेंडन कॅप्टन आहे, त्याला कोण काढणार? तो आयरिश पोरगा सशासारखा पळतो. राहिला समाधान. गुहागरचा हा गडी दिवसभर परांचीवर चढतो आणि संध्याकाळी लोकांच्या खांद्यांवर. उंच आलेला चेंडू हवेत झेलून मार्क घेणारा आपल्याकडे तो एकच. दादाला घ्यायचं म्हणजे समाधानला बसवायचं.

आणि फुल-फॉरवर्ड म्हणजे गोलच्या खांबांपुढे नुसतं उभं राहणं नव्हे, हे तू कठड्यावरून पाहिलं आहेस. समोरच्या संघातला सगळ्यात धिप्पाड माणूस अख्खा वेळ पाठीवर रेललेला असतो. चेंडू आला की त्याचा गुडघा आपल्या कण्यात. मी पस्तिशीत असताना घरी येऊन तुझ्याकडून शेक घेत होतो, आठवतं ना?

त्यापेक्षा त्याला गोल अंपायर करा. पांढरा कोट, दोन झेंडे, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. दादाला शोभेल. माझ्यावर रागावू नकोस, पण रागावलीस तरी दोन ओळी लिहून रागव.

तुमच्या मायेतला,
अनुराग


जुबैल,
११ सप्टेंबर २०२५

चि. अनुराग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलेच होते, म्हणून आठवडा गेला. झेंडे हलवायला तुझा दादा काय रेल्वेत गार्ड आहे? तुझं खेळातलं म्हणणं बरोबर असेल. पण मला खेळ जिंकायचा नाही, तो तसाही आपण हरणारच आहोत.

मी मग माझ्या मनाने केलं. यांना दुकानात पिटाळलं, गणपतीतल्या उरलेल्या सारणाच्या करंज्या तळल्या, स्टीलचा डबा भरला आणि ब्रेंडनच्या घरी गेले. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. तरी सांगितलं, की यांचा हा शेवटचा सामना आहे, तर एकदा त्यांना फुल-फॉरवर्डला उभं करा. आणि मी आले होते हे त्यांना कळता कामा नये, त्यांना वाटलं पाहिजे की संघालाच ते हवे आहेत. ब्रेंडनचे डोळे पाणावले. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, की तुम्ही अजिबात काळजी करू नका, सगळं मी बघतो. त्याची बायको केट तर मला मिठी मारून रडलीच. चांगली माणसं आहेत रे.

समाधानलाही बाजारात गाठलं. म्हणाला, काकांसाठी एक मॅच बसलो तर माझं काय जातंय. पण बोलताना त्याची नजर खाली होती. त्याला खेळायचं होतं. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

तू दादाला यातलं काही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे. तुला सुटी मिळते का बघ, तू समोर असलास तर त्यांना बळ येईल.

लेकरासारखं वाढवलंय तुला, एवढं ऐकशील ना?

तुझी वहिनी


जुबैल,
२० सप्टेंबर २०२५

चि. अनुराग यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इथल्या राष्ट्रीय दिनाच्या गर्दीमुळे तुला सुटी नाही हे शीलाकडून कळलं. हॉटेलवाल्यांचं असंच असतं. हरकत नाही.

तू पत्रातून चकार शब्द काढत नाहीस, पण मला माहीत आहे तू काय म्हणत असशील. मीही तेच म्हणत होतो. खेळायचं मी शीलापाशी नुसतं बोलून गेलो होतो. पण गेल्या गुरुवारी ब्रेंडनने मला स्वतः गाठलं. म्हणाला, की आपली पोरं गोलजवळ गेली की गडबडतात, तिथे डोकं शांत ठेवणारा माणूस हवा आहे, खेळशील का. मी दोनदा विचारलं, की मला निरोपाचा नारळ तर देत नाहीस ना? नारळ म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागलं. तो हसला आणि नाही म्हणाला. अनुराग, गेल्या कित्येक दिवसांत हवा आहे असं मला म्हणणारा तो एकटा.

फॉरवर्ड लाइन अशी ठरली आहे. ब्रेंडन वर जाऊन चेंडू आणणार, आयरिश पोरगा डावीकडे धावून त्यांचा एक माणूस ओढून नेणार, आणि मी खांबांपुढे. समाधानला पाठीत चमक आली आहे म्हणे, नाहीतर त्याच्यापुढे मला कोण विचारतो? रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या मागे चेंडू भिंतीवर मारून झेलतो आहे. दम लागतो. गुडघे कुरकुरतात. त्यांचा फुल-बॅक पंचविशीतला आहे, खांबासारखा उंच. सामना आपण हरणार, मोठ्या फरकाने हरणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला फक्त एक मार्क हवा आहे. माणूस अंगावर असताना, त्याला रेटून घेतलेला. तेवढा मिळाला तर मी इथून ताठ मानेने जाईन. हसू नकोस.

तब्येत सांभाळ, लिहीत जा.

तुझा दादा,
उदय


जुबैल,
२७ सप्टेंबर २०२५

चि. अनुराग यास वहिनीचे अनेक, अनेक आशीर्वाद!

तू हवा होतास रे, तू हवा होतास! आपण सपाटून हरलो. स्कोअर मी लिहीतच नाही, तू जेवायचा नाहीस. पण तुझ्या दादाने मार्क घेतला. आणि गोल केला!

पहिले तीन क्वार्टर माझा जीव मुठीत होता. तो बहारीनचा उंच मुलगा यांना नुसता घुसळत होता. दोनदा पाडलं. एकदा उठायला इतका वेळ लागला, की मी कठड्यावरून आत जायला निघाले तर केटने हात धरून ठेवला. घाम तर असा, की गुलाबी जर्सी जांभळी झाली होती. मी मनात म्हटलं, शीले, हे तू काय करून बसलीस.

शेवटच्या क्वार्टरला ब्रेंडनने लांबून उंच चेंडू मारला आणि यांनी तो छातीशी अस्सा धरला! मार्क घेतल्यावर कुणाला अडवता येत नाही, मग शांतपणे मागे गेले, चार पावलं धावले आणि मधल्या दोन खांबांमधून सरळ आरपार. सगळे येऊन यांना बिलगले. अरे, बहारीनवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते! इतकी मोठ्या मनाची माणसं मी पाहिली नाहीत. मी रडले, लाज कसली त्यात.

केटने काढलेला फोटो सोबत पाठवते. बघ, चेंडू हातात आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि मागे तो आडदांड मुलगा हात खाली सोडून कसा बघत राहिलाय! त्याला कळलंच नसेल या म्हाताऱ्याने काय केलं ते. हा फोटो मोठा करून फ्रेमला टाकला आहे. नाशिकला हॉलमध्ये, दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावणार.

हे कालपासून फार बोलत नाहीत. दमलेत. पण माझं काम झालं. आता सामान बांधायला मन तयार आहे. तूही एकदा त्यांना शाबासकी दे.

खुशाल राहा आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी वहिनी


जुबैल,
४ ऑक्टोबर २०२५

चि. अनुराग यास अनेक आशीर्वाद.

शीलाने फोटो पाठवून आठवडा झाला. तुझी एक ओळ नाही. तेव्हाच समजलो, की तू फोटो नीट पाहिलास. तू त्या जागी खेळलेला आहेस, तुला काय सांगायचं.

तीन क्वार्टर त्या पोराने मला हलू दिलं नाही. बरगड्या अजून दुखताहेत, आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. फार दिवसांनी कुणीतरी मला अडवायच्या लायकीचा समजत होतं. शेवटच्या क्वार्टरआधी ब्रेंडन त्याच्याजवळ जाऊन काही बोलला, ते मी लांबून पाहिलं, पण मनात काही आलं नाही. मग चेंडू उंच आला. मी उडी मारली, उडी कसली, टाचा उचलल्या, आणि पाठीवरचा भार एकदम गेला. चेंडू हातात येण्याआधीच मला कळलं होतं. वळून पाहिलं तर तो दोन पावलं मागे उभा होता, आणि माझ्याकडे बघून हसला. चांगला मुलगा आहे.

चेंडू मुद्दाम बाहेर मारावा असं वाटलं. पण शीला कठड्याशी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मी गोल मारला. नंतर केटने आमचा स्टीलचा डबा मला परत दिला, त्यात खजुराची बिस्किटं भरून, आणि करंज्यांचं कौतुक केलं. बाकीचं माझं मी जुळवलं. शीलाने फक्त जागा मागितली असणार. पुढचं ब्रेंडनने आपल्या चांगुलपणाने केलं. समाधानच्या पाठीला काही झालेलं नाही, सामन्यानंतर त्याने ते खाली बघत कबूल केलं. कुणावर रागवावं म्हटलं तर एकही माणूस सापडत नाही.

ऑफिसातही असंच चाललं आहे. सहर नावाची मुलगी माझ्या जागेवर येते आहे. मीच तिला शिकवलं. हुशार आहे. पूर्वी माझ्या प्रत्येक रिपोर्टवर भांडायची. हल्ली मी काहीही लिहिलं तरी मान डोलावते. परवा मी मुद्दाम एका टाकीच्या पत्र्याची जाडी चुकीची लिहिली. तिने माझ्यासमोर सही केली, माझ्या पोरीबाळींची चौकशी केली, आणि मी गेल्यावर गुपचूप आकडा दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी मला तो फाइलमध्ये दिसला, आणि मी फाइल मिटून जागेवर ठेवली.

शीलाला यातलं काही कळू देऊ नकोस. ती दोन वर्षांत इतकी खूश मी पाहिली नव्हती. फ्रेम आली आहे, चांगली दारभर मोठी. तिने जुन्या साड्यांत गुंडाळून सामानाच्या अगदी वर ठेवली आहे. नाशिकला ती हॉलमध्ये लागेल. येणारा प्रत्येक जण विचारेल, शीला सांगेल, आणि मी शेजारी बसून हो म्हणेन. मागच्या माणसाचे हात त्यात स्वच्छ दिसतात. आपल्याकडे हा खेळ कुणाला कळत नाही, एवढंच बरं आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा