लिलाधरनं 'बोडीचा पहारा' काहून विकला

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

विकला! लिलाधरनं 'बोडीचा पहारा' विकला! चारही भाग, पात्रं, गाणी, नाव — सगळं. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीला. आणि मला कळलं कुठं? धनराजच्या पानठेल्यावर! ज्यानं त्यातली कवनं रचली त्याला बातमी पानाच्या पिचकारीबरोबर!

मंडईत यंदा पाचवा भाग लागणार होता. दर वर्षी भाऊबीज झाली की मंडईची जत्रा, जत्रेत पडदा, आणि पडद्यावर आपलंच गावतळं, आपलीच बोडी, आपलीच माणसं. लग्नाच्या शूटिंगा करता करता या पोरानं सिनेमा उभा केला. बाहेरगावचे लोक ट्रॅक्टरनं पाहायला येतात. कोणी विकतं का असं?

धनराजला विचारलं, "काहून विकला बा?"

म्हणे, "मोठे लोक झाले काकाजी. आपल्याले कायले सांगतील?"

काहीतरी शिजून राहिलं आहे.

२७ ऑक्टोबर

लिलाधरच्या दारात पांढरी गाडी. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. गाडीत मागं कोण बसलं? जागेश्वर! मासोळ्या विकणारा जागेश्वर — सिनेमातला घोगऱ्या. अंगात इस्त्रीचा शर्ट. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं. मी पाहिलं ना!

२९ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला. आता स्पष्ट दिसतं. नागपूरवाले मोठा सिनेमा काढणार. घोगऱ्या तर लागणारच — घोगऱ्याशिवाय 'बोडी'त आहे काय? तो बोडीत जहर टाकतो म्हणून पहारा, पहारा म्हणून सिनेमा. म्हणजे जागेश्वर जाणार, लिलाधर जाणार, आणि आम्ही बाकीचे इथं धान कापत बसणार. माझी कवनं कोण्या शहरी पोराच्या नावावर. शंका नाही, खात्रीच!

शाळेत शिपाई होतो तेव्हाचं आठवलं. चौतीस वर्षं घंटा दिली. पण खरं काम खिडकीशी. आत गुरुजी कविता म्हणायचे, बाहेर मी झाडू धरून उभा. पोरं विसरायची, मला पाठ व्हायची. नदीची, पाखरांची, आईची. याच लिलाधरला चौथीत कविता येईना, तर मी घंटेखाली बसवून चालीवर शिकवली. तेव्हा म्हणायचा, "काकाजी, तुमीच गुरुजी काहून नाई झाले?" आता गुरुजी जाऊ दे, ओळखही विसरला.

३१ ऑक्टोबर

रंजूनं बाजारातून मासोळ्या आणल्या — जागेश्वरकडच्या नाहीत, लांबच्या कोण्या बाईकडच्या. सुनेच्या कारभारात मी बोलत नाही, पण विचारलं. म्हणे, "पोट्टे नाई खात बाबाजी त्याच्या हातच्या. घोगऱ्याच्या मासोळ्या म्हणतात." हसलो. काय काम केलं असेल त्यानं पडद्यावर! कलावंताला याहून मोठी दाद कोणती?

संध्याकाळी ओट्यावर डोळे मिटून बसलो. शाळा सुटली की पोरं गल्लीतून माझं कवन म्हणत जातात. आजही गेली —

आला घोगऱ्या, झाका घागर,
हात बुडवला, झालं जहर!

तीन वर्षं झाली या कवनाला, अजून ताजं! पुस्तकात छापली नाही गेली माझी ओळ, पण पोरांच्या तोंडी बसली. कोणीतरी जाता जाता "रामराम काकाजी" म्हणालं. मी डोळे न उघडताच हात वर केला.

२ नोव्हेंबर

आज लिलाधर स्वतः आला. हातात कागद. कवनं कंपनीला द्यायला माझी हरकत नाही, असं लिहिलेला.

"सही करा काकाजी."

"आधी सांग काहून विकलं."

"मले विचारू नका."

"चोरी केली का? लाज वाटते सांगायची?"

उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी असल्यासारखं वाटलं — पण सिनेमावाल्याच्या पाण्याचा काय भरवसा! "तुमची कवनं ते घेतील न घेतील. पण तुमची सही नसली तं सौदाच होत नाई," म्हणाला.

मग तर नाहीच करणार! जे माझ्या हाती आहे ते तरी सोडणार नाही. कागद रांजणाखाली दाबून ठेवला. बसू दे ओला होत.

५ नोव्हेंबर

बोडीच्या पारीवर, बांधावर, जागेश्वर जाळं सुकवत होता. मुद्दाम गेलो. म्हटलं, "का मग, आर्टिस्ट! नागपूरले खोली पाहिली का नाई?"

तो नुसता हसला. "आपल्याले कायची खोली काकाजी. आपली बोडी बरी."

"मग गाडीत कायले बसला होता?"

तो जाळ्यातली गाठ सोडवत राहिला. पक्का आहे! चार भाग खलनायक करून माणूस मुरतोच. मागं त्याची पोरगी भावना उभी होती, तिनंही माझ्याकडे असं पाहिलं की जसा मीच काही घेऊन पळालो.

८ नोव्हेंबर

कंपनीचा फोन लिलाधरला रोज येतो — धनराजनं सांगितलं. सौदा अडला आहे माझ्यावर. मजा वाटली. मग वाटली नाही.

११ नोव्हेंबर

लिलाधर परत आला. या वेळी बसला. रंजूनं चहा दिला, तो तसाच निवला. शेवटी बोलला. त्याचं बोलणं आठवेल तसं उतरवतो.

दिवाळीच्या आधी भावनाला पाहायला कोंढ्याचे पाहुणे आले होते. लिलाधर मध्यस्थ. आपल्याकडे रीत आहे — पाहुण्याला पहिलं पाणी मुलीच्या बापानं द्यावं. जागेश्वरनं पाण्यात गिलास बुडवून भरले, ताटलीत मांडले, स्वतः नेले. पाहुण्यांसोबत एक लहान पोरगी होती. जागेश्वरचं तोंड पाहून किंचाळली अन् आईच्या पदरात घुसली. मोठे हसले. जागेश्वरही हसला. पण पाणी कोणी प्यालं नाही. एका बाईनं गिलास ओठाला लावला अन् खाली ठेवला. सहा गिलास भरलेलेच परत आले. चार दिवसांनी निरोप — पोरगी चांगली आहे, पण जमत नाही.

"त्याच्या मासोळ्या कोणी घेत नाई काकाजी. दोन वरसं झाले. तो मले कधी बोलला नाई. मी त्याले दर मंडईले पडद्यावर अजून काळा करत गेलो. लोकायले आवडे ना!"

मी म्हटलं, "मग बंद करायचं. विकायचं कायले?"

"बंद केलं तं लोक जुनंच पाहत राहतील. मोबाइलात आहे साऱ्यायच्या. कंपनी म्हणते, आमी पयल्यापासून नवं काढतो, जुनं सारं इंटरनेटवरून उतरवतो. घोगऱ्याले नवा माणूस, नवं तोंड. जागेश्वरले गाडीत नेलं ते कंपनीकडून हेच कबूल करून घ्याले — याचं तोंड कुठंच दाखवाचं नाई म्हणून. काकाजी, गावाचा सिनेमा गेला तं गेला. याले याचं तोंड वापस मिळू द्या."

तो उठला. दारात थांबला, काही सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, अन् गेला. अजून काय लपवतो?

१२ नोव्हेंबर

सही अजून केली नाही. जागेश्वरचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण माझी कवनं? त्यांनी काय केलं कोणाचं? लिलाधरनं तोंड काळं केलं, लोकांनी पाणी नाकारलं. ओळी बिचाऱ्या मधल्यामध्ये विकल्या जाणार. जुनं उतरवलं तर पोरांच्या तोंडून तेही जाईल. म्हातारपणी ते एकच ऐकायला असतं संध्याकाळी.

आणि लिलाधर दारात काय सांगणार होता? ते राहून राहून मनात येतं.

१३ नोव्हेंबर

आज ओट्यावर बसलो, पण डोळे उघडे ठेवले. उगाच. साडेपाचला पोरं आली, तेच म्हणत. अन् त्यांच्या पुढं चार हातांवर, डोक्यावर भरलेली टोपली, खाली मान — जागेश्वर. ओट्यासमोर आला अन् रोजच्यासारखं म्हणाला, "रामराम काकाजी."

रोजच्यासारखं.

१४ नोव्हेंबर, बालदिन

सही सकाळी केली. कागद ओला होता, शाई जराशी फुटली.

साडेपाचला जागेश्वरला ओट्यावर बोलावलं. म्हटलं, रांजणात हात घाल, मला लोटाभर पाणी दे. तो नाही-नाही करत राहिला. मी ऐकलं नाही. पोरांसमोर घटाघटा प्यालो, मिशीवरून सांडलं.

पोरांचं कवन मधेच थांबलं. एक बारकं पुढं आलं. "बाबाजी, आता तुमी मरान?"

म्हटलं, "उद्या येऊन पाहजो."